कॅसिनोचा विड्रॉल भलत्याच वॉलेटवर गेला: पैसे कुठे आहेत ते शोधणं आणि दाद मागणं

ऑनलाइन कॅसिनोतून क्रिप्टोत काढलेल्या पैशांची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात येते: "कॅसिनो म्हणतंय पाठवले, माझ्या वॉलेटला आलेच नाहीत." या एका वाक्याच्या पोटात आठ-नऊ वेगवेगळे बिघाड असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. वेगळ्या नेटवर्कवर गेलेले पैसे दहा मिनिटांत दिसू लागतात. चोराने पत्ता बदलून नेलेल्या पैशांसाठी पोलीस ठाणं गाठावं लागतं. आणि एजंटाने स्वतःच्या वॉलेटवर वळवलेल्या पैशांसाठी कॅसिनोशी कितीही भांडलं तरी हाती काही लागत नाही.

म्हणून तोंड उघडण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची: विड्रॉल मागताना कोणता पत्ता नोंदला गेला, आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, पैसे कोणत्या पत्त्यावर उतरले. दोन्ही वेगळे असतील तर उत्तर कॅसिनोने द्यायचं. दोन्ही एकच असतील तर कॅसिनोने आपलं काम केलेलं आहे आणि पुढचा शोध आपल्या मोबाईलपासून सुरू होतो. हे दोन पत्ते शेजारी न मांडताच लोक सपोर्टच्या चॅटमध्ये तीन-तीन दिवस घालवतात आणि तेवढ्यात पैसे चार वॉलेटं पुढे निघून जातात.

विड्रॉलपुढे अजून 'पेंडिंग' दिसत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी विनंती रद्द करा. पैसे एकदा साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, चढले की कॅसिनो, एक्सचेंज (जिथे क्रिप्टो विकत घेतात-विकतात ती कंपनी), सरकार यांपैकी कुणालाही ते मागे ओढता येत नाहीत. फार तर पुढे अडवता येतात.

आधी हॅश मिळवा

कॅसिनोच्या पानावरचं 'कम्प्लीटेड' हा पुरावा नाही. ती त्यांच्या डेटाबेसमधली एक नोंद आहे. पुरावा म्हणजे ट्रान्झॅक्शन हॅश, व्यवहाराचा ओळख क्रमांक, ज्याला टीएक्सआयडीही म्हणतात. ट्रॉन आणि बिटकॉइनवर तो ६४ अक्षरांचा असतो. इथेरियम आणि बीएनबी चेनवर पुढे शून्य-एक्स लागून एकूण ६६ अक्षरं होतात. विड्रॉलच्या इतिहासात तो दिसत नसेल तर चॅटमध्ये एवढंच लिहा: "या विड्रॉलचा पूर्ण हॅश आणि नेटवर्कचं नाव द्या." फोटो नको, कॉपी करता येईल असा मजकूर मागा.

हॅश ज्या नेटवर्कचा असेल त्याच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाका. टीआरसी-२० (ट्रॉन) साठी ट्रॉनस्कॅन, ईआरसी-२० (इथेरियम) साठी इथरस्कॅन, बीईपी-२० (बीएनबी चेन) साठी बीएससीस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस. मग वहीत सहा गोष्टी उतरवा: स्थिती, वेळ, पाठवणारा पत्ता, घेणारा पत्ता, रक्कम, आणि टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता.

इथेच निम्मी प्रकरणं उलगडतात. हॅश सापडतच नसेल, तर एक तर नेटवर्क चुकीचं निवडलंय किंवा तो हॅश खोटा आहे. हॅश सापडतो, पण रक्कम आणि वेळ तुमच्या विड्रॉलशी जुळत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी व्यवहार तुमच्या गळ्यात बांधलाय. हॅश खरा, रक्कमही बरोबर, पण स्थितीपुढे लाल अक्षरांत 'फेल्ड' किंवा 'आउट ऑफ एनर्जी' असं असेल, तर पैसे पाठवणाऱ्याच्या वॉलेटमधून हललेलेच नाहीत. एनर्जी हे ट्रॉनवर शुल्क मोजायचं एकक. यूएसडीटी (टेथर कंपनीचं डॉलरशी बांधलेलं टोकन) पाठवायला साधारण ६५ हजार एनर्जी लागते. घेणाऱ्याच्या वॉलेटमध्ये आधी यूएसडीटी नसेल तर त्याच्या दुप्पट. पाठवणाऱ्याने मर्यादा कमी ठेवली की व्यवहार नोंदला जातो, शुल्क जळतं, आणि पैसे जागेवरच राहतात. सपोर्टवाला "हॅश आहे म्हणजे पाठवले" असं बोलून मोकळा होतो. त्याला स्थितीची ओळ दाखवा, म्हणजे विषय त्याच दिवशी मिटतो.

कॉन्ट्रॅक्टचा पत्ता यासाठी बघायचा की यूएसडीटी हे नाव कोणीही कोणत्याही फुकट टोकनला देऊ शकतो. टेथरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येक नेटवर्कचा खरा कॉन्ट्रॅक्ट पत्ता दिलेला आहे. त्याच्याशी जुळत नसेल तर तुमच्या वॉलेटमध्ये आलेला आकडा कवडीमोलाचा आहे.

वेळेचं एक भान ठेवा. कॅसिनोच्या नोंदी बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) असतात आणि एक्सप्लोररही अनेकदा यूटीसीच दाखवतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे. एक्सप्लोररवर १४ तारखेचे १९:०५ म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या रात्रीचे १२ वाजून ३५ मिनिटं. तक्रारीत १५ तारीख लिहिली आणि पुराव्यात १४ दिसली की समोरचा "असा व्यवहारच नाही" म्हणून फाईल बंद करतो. दोन्ही वेळा लिहा.

दोन पत्ते शेजारी

विड्रॉलच्या विनंतीतला पत्ता तीन ठिकाणी सापडतो: कॅसिनोचा विड्रॉल इतिहास, पुष्टीचा ईमेल, आणि सपोर्टकडची नोंद. यांत ईमेल सगळ्यांत भक्कम, कारण तो नंतर कुणाला बदलता येत नाही. तो डिलीट करू नका. फॉरवर्डही करू नका, कारण मूळ हेडर (ईमेल कुठून, कधी आला याची तांत्रिक नोंद) फक्त मूळ ईमेलमध्येच राहतात.

आता नोटपॅडमध्ये दोन्ही पत्ते एकाखाली एक चिकटवा. ट्रॉनचा पत्ता ३४ अक्षरांचा असतो आणि इंग्रजी मोठ्या 'टी'ने सुरू होतो. इथेरियम घराण्यातला शून्य-एक्स धरून ४२ अक्षरांचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून थांबू नका. ट्रॉनच्या पत्त्यात मधली २६ उरतात आणि फसवणूक नेमकी तिथेच असते. चार-चार अक्षरांचे गट पाडून बोटाने एकेक तपासा.

सपोर्टचं एक ठरलेलं उत्तर असतं: "तुम्ही एक अक्षर चुकीचं टाकलं असेल." ट्रॉन आणि बिटकॉइनच्या बाबतीत हे टिकत नाही. त्या पत्त्यांच्या शेवटी तपासणीचा भाग गुंफलेला असतो, ज्याला चेकसम म्हणतात. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की तो पत्ताच अवैध ठरतो आणि ढंगाची कोणतीही प्रणाली तो स्वीकारत नाही. ट्रॉनच्या पत्त्यात तर शून्य, मोठा 'ओ', मोठा 'आय' आणि छोटा 'एल' ही दिसायला गोंधळात टाकणारी अक्षरं मुळातच वापरत नाहीत. म्हणजे हाताने टंकताना चूक होऊन पैसे नेमके दुसऱ्याच्या चालू वॉलेटवर जाणं हे जवळपास अशक्य. पूर्ण पत्ता वेगळा असेल तर तो कुणीतरी, किंवा कशाने तरी, अख्खा बदललेला आहे. इथेरियमच्या बाबतीत थोडी सवलत द्यावी लागते. तिथली तपासणी लहान-मोठ्या अक्षरांच्या रचनेत लपलेली असते, त्यामुळे सगळी अक्षरं लहान करून टाकलेला पत्ता तपासणीविनाच पुढे जातो.

पत्ते वेगळे निघाले

इथे बाजू तुमची. तरी बदल कुठे झाला ते कळलं पाहिजे, कारण कॅसिनो जबाबदारी टाळायला प्रत्येक कारण वापरून बघतं.

सगळ्यांत जास्त डोकं खाणारा प्रकार असा: पुष्कळ कॅसिनो 'ज्या पत्त्यावरून पैसे आले तिथेच परत' असा नियम लावतात. तुम्ही पैसे भरले होते एक्सचेंजमधून. एक्सचेंज पैसे पाठवताना तुमच्या नावाच्या पत्त्यावरून पाठवत नाही, तर आपल्या सामायिक हॉट वॉलेटमधून पाठवतं. कॅसिनोने त्या पत्त्यावर परत पाठवले की रक्कम एक्सचेंजच्या गल्ल्यात पडते आणि तिच्यावर कुणाचंच नाव नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: एक्सप्लोररवर त्या पत्त्यापुढे एक्सचेंजच्या नावाचं लेबल असतं आणि व्यवहारांची संख्या लाखांत असते. अशा वेळी दोन्हीकडे एकदमच लिहा. एक्सचेंजला हॅश, रक्कम आणि तुमच्या मूळ पाठवणीचा हॅश द्या. कॅसिनोकडून, हे पैसे आम्ही अमुक ग्राहकासाठी पाठवले, असं लेखी घ्या. हे पैसे हरवलेले नसतात, बेवारस पडलेले असतात. चिकाटीने मागितले तर मिळण्याची शक्यता चांगली असते, पण आठवडे लागतात.

दुसरा प्रकार जतन केलेल्या जुन्या पत्त्याचा. खात्यात पूर्वी साठवलेला पत्ता कॅसिनोचं पान आपोआप भरतं आणि तुम्ही नवा टाकल्याचं समजून बटण दाबता. तो जुना पत्ता तुमचाच असेल तर ते जुनं वॉलेट किंवा जुनं एक्सचेंज खातं उघडून बघा. पैसे तिथेच शांत बसलेले असतील.

तिसरा, खातं कुणीतरी उघडून पत्ता बदललेला. लॉगिनचा इतिहास आणि ईमेलमधल्या 'नवीन उपकरण' अशा सूचना बघा. पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी आधी ईमेलची बदला, मग कॅसिनोची. ईमेल चोराच्या हातात असताना कॅसिनोचा पासवर्ड बदलून उपयोग नाही. कॅसिनोला विचारायचा प्रश्न हा: पत्ता बदलताना तुम्ही कोणती पडताळणी केली? नवा पत्ता टाकल्यावर ईमेलवर कोड न पाठवता, चोवीस तास न थांबता रक्कम सोडली असेल तर दोष त्यांचाही आहे, आणि तक्रारीत ते स्पष्ट लिहायचं.

चौथा आपल्याकडचा. पुष्कळ जण कॅसिनोत स्वतःचं खातं उघडतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटाकडून तयार आयडी घेतात, पैसे एजंटाच्या यूपीआयवर टाकतात आणि विड्रॉलही त्यालाच सांगतात. वॉलेटचा पत्ता तो भरतो. मग "कॅसिनोने चुकीच्या वॉलेटवर टाकले दादा, मी काय करू" असं तोच सांगतो. त्या आयडीवर नाव, ईमेल, कागदपत्रं यांतलं काहीच तुमचं नसतं, म्हणून कॅसिनोच्या लेखी तुम्ही ग्राहकच नाही. इथे भांडण एजंटाशी आहे आणि पुरावा बँकेचा: प्रत्येक यूपीआय भरण्याचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, तारीख, आणि ज्या खात्यावर पैसे गेले त्याचं नाव. ओळखीचा आहे, आपल्याच तालुक्यातला आहे, म्हणून लोक महिनाभर थांबतात. तेवढ्यात तो नंबर बंद होतो आणि चॅटमधले ताजे मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' होतात. चॅट आजच एक्स्पोर्ट करून ठेवा.

पत्ते एकच, पण पत्ता तुमचा नाही

म्हणजे विनंतीतच भलता पत्ता गेला. याची दोन मुख्य कारणं.

पहिलं, क्लिपबोर्ड बदलणारा व्हायरस. टेलिग्रामवरून घेतलेली एपीके फाईल, फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर, किंवा ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानातला दहा जणांनी वापरलेला कॉम्प्युटर, कुठूनही तो येतो. तुम्ही स्वतःचा पत्ता कॉपी करता, पेस्ट करताना चोराचा उतरतो. तपासणी सोपी: स्वतःचा पत्ता कॉपी करा, नोट्समध्ये पेस्ट करा, जुळवा. असं तीनदा करा, ट्रॉनच्या पत्त्याने आणि इथेरियमच्या पत्त्यानेही. एकदाही बदलला तर ते उपकरण बाद. फॅक्टरी रीसेट करा, पण पोलिसांत तक्रार करणार असाल तर त्यांना विचारूनच, आणि दुसऱ्या स्वच्छ फोनवर नव्या शब्दांचं (वॉलेट उघडणाऱ्या बारा गुप्त शब्दांचं) नवं वॉलेट काढा. जुने बारा शब्द नव्या फोनमध्ये टाकू नका, कारण क्लिपबोर्ड वाचणाऱ्याने तेही वाचलेले असू शकतात.

दुसरं, पत्त्याचं विषप्रयोग तंत्र. फसवणारा तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखाच दिसणारा, पुढची-मागची अक्षरं तीच असलेला पत्ता संगणकाने तयार करतो आणि त्यावरून तुम्हाला शून्य किंवा अगदी किरकोळ रक्कम पाठवतो. तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत वर येऊन बसतो. पुढच्या विड्रॉलला तुम्ही यादीतून 'आपला' म्हणून तो उचलता. यादीत असा न मागता आलेला बारीक व्यवहार दिसला तर कारण सापडलं.

या दोन्हींत कॅसिनोकडून भरपाई मागण्याला आधार नाही. उगाच खोटं बोलून दावा करू नका. त्यांच्या सर्व्हरवर तोच पत्ता नोंदलेला असतो आणि खोटं उघडं पडलं की खात्यातली उरलेली रक्कमही अडकते. इथे धाव पोलिसांकडे आणि चोराचे पैसे जिथे पोचले त्या एक्सचेंजकडे.

पत्ता तुमचाच, तरी पैसे दिसत नाहीत

ही सगळ्यांत सहज सुटणारी गाठ. शून्य-एक्सने सुरू होणारा एकच पत्ता इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन या सगळ्यांवर चालतो. तुम्ही वॉलेटमध्ये इथेरियम बघत बसला आहात आणि पैसे बीएनबी चेनवर उतरले आहेत. स्वतःचं वॉलेट असेल, म्हणजे बारा शब्द तुमच्याकडे असतील, तर नेटवर्क जोडा, टोकन जोडा, रक्कम दिसेल. पुढे हलवायला त्याच नेटवर्कचं नाणं शुल्कापुरतं लागतं: बीएनबी चेनवर बीएनबी, इथेरियमवर इथर. पत्ता एक्सचेंजचा असेल तर चावी त्यांच्याकडे आहे. त्यांच्या मदत विभागात 'चुकीच्या नेटवर्कवर जमा' असा वेगळा अर्ज शोधा. जबाबदारीचा निकाल इथेही विनंतीवरून लागतो: तुम्ही ईआरसी-२० निवडलं आणि त्यांनी बीईपी-२० ने पाठवलं तर एक्सचेंजचं वसुली शुल्क कॅसिनोने सोसावं अशी मागणी रास्त आहे.

एक्सआरपी, स्टेलर आणि टॉन यांच्याबाबत पत्ता बरोबर असूनही मेमो किंवा टॅग (सामायिक पत्त्यावर तुमचं खातं ओळखायचा क्रमांक) राहिला की पैसे एक्सचेंजच्या सामायिक पत्त्यावर पडून राहतात. एक्सप्लोररवर मेमोची जागा रिकामी आहे का ते बघा. तुम्ही मेमो दिला होता आणि कॅसिनोने गाळला, हे विनंतीच्या ईमेलवरून सिद्ध होतं.

कॅसिनोला तक्रार

चॅट फक्त हॅश मागायला. तक्रार ईमेलनेच, आणि ज्या ईमेलने खातं उघडलं त्याच ईमेलवरून. भाषा इंग्रजी लागेल, पण मजकूर साधा आणि राग बाजूला ठेवून लिहिलेला असावा. तो साधारण असा:

"खातं अमुक. विड्रॉल क्रमांक अमुक. रक्कम ५०० यूएसडीटी, नेटवर्क टीआरसी-२०, विनंतीची वेळ यूटीसी आणि भारतीय वेळेत. विनंतीत नोंदवलेला पत्ता हा, पूर्ण ३४ अक्षरं. तुम्ही दिलेल्या हॅशनुसार रक्कम या पत्त्यावर गेली, पूर्ण ३४ अक्षरं. दोन्ही पत्ते वेगळे आहेत. दुसरा पत्ता माझ्या खात्यात कोणत्या वेळी, कोणत्या आयपीवरून आणि कोणत्या पडताळणीनंतर नोंदला गेला, याची सर्व्हरवरील नोंद द्यावी. चूक तुमच्याकडची असल्यास ५०० यूएसडीटी पहिल्या पत्त्यावर पुन्हा पाठवावेत. अंतिम लेखी उत्तर १४ दिवसांत द्यावं."

सोबत विनंतीचा ईमेल, एक्सप्लोररच्या पानाची लिंक आणि दोन्ही पत्त्यांचा एक स्क्रीनशॉट. एवढंच. वीस जोडपत्रं लावली की मुद्दा हरवतो.

उत्तरात पुष्कळदा रोख रकमेऐवजी बोनस देऊ करतात. तो स्वीकारू नका. १०० यूएसडीटीच्या बोनसवर ४० पट खेळण्याची अट असेल तर ४,००० यूएसडीटीचे डाव लावल्याशिवाय त्यातला एकही निघत नाही, आणि बोनस घेतला म्हणजे तडजोड मान्य केली असं धरून मूळ तक्रारही बंद करतात. वाद सुरू असताना त्या खात्यातून आणखी खेळूही नका. शिल्लक आणि नोंदी दोन्हींत गुंता होतो.

१४ दिवसांत उत्तर नाही तर परवान्याकडे वळा. संकेतस्थळाच्या तळाशी परवान्याचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केल्यावर ते परवाना देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर गेलं पाहिजे आणि तिथे तुम्ही वापरता तेच डोमेन लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं चित्र असेल, किंवा डोमेन वेगळं असेल, तर परवाना नाही असं धरूनच पुढचं ठरवा. पुष्कळ ऑनलाइन कॅसिनोंना परवाना देणाऱ्या कुरासाव या कॅरिबियन बेटावर २४ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू आहे आणि त्याखाली परवानाधारकाला वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था नेमावी लागते. तिचं नाव अटी-शर्तींच्या पानावर शोधा. कॅसिनो गुरू आणि आस्कगॅम्बलर्स या कॅसिनोंची परीक्षणं करणाऱ्या संकेतस्थळांची तक्रार सेवा विनामूल्य आहे. त्यांच्याकडे कायद्याचा अधिकार नाही, पण नाव खराब होण्याची भीती काही कॅसिनोंना हलवते.

इथला कायदा आणि पोलीस

हे स्पष्ट कळलेलं बरं: जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून इथल्या दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवणारा, त्यांची जाहिरात करणारा आणि त्यांचे पैसे हाताळणारा यांना शिक्षा आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही. म्हणून 'आपणच आत जाऊ' या भीतीने चोरीची तक्रार दडपून ठेवू नका. राज्याचा जुगारविरोधी कायदा वेगळा आहे, म्हणून अर्ज देण्याआधी वकिलाला एकदा दाखवा. पण पोलिसांपुढे 'ट्रेडिंगचे पैसे' अशी बनवाबनवी करू नका. हॅश मागे गेला की तो कॅसिनोच्या वॉलेटवरच पोचतो. घरात कळेल म्हणूनही पुष्कळ जण गप्प बसतात. या प्रकरणात गेलेला प्रत्येक दिवस चोराच्या फायद्याचा असतो. मनावर ओझं फारच झालं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पैसे यूपीआयने किंवा बँकेतून एजंटाला गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, कारण त्या यंत्रणेतून बँकेतली रक्कम थोपवता येते. निव्वळ क्रिप्टो गेली असेल तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा, पोचक्रमांक घ्या आणि जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं गाठा. तालुक्याच्या ठाण्यात "हे आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळालं तर सांगा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. छत्रपती संभाजीनगरला शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस वेगळे आहेत. राहता पत्ता ज्या हद्दीत, तिकडे जा, म्हणजे एक फेरी वाचेल.

अर्जासोबत एक पान वेगळं जोडा, ज्यावर पैशांचा प्रवास लिहिलेला असेल: हॅश एक, या पत्त्यावरून त्या पत्त्यावर, रक्कम, वेळ. मग त्या पत्त्यावरून पुढे हॅश दोन, आणि असंच एक्सचेंजचं लेबल लागेपर्यंत. तपास अधिकाऱ्याला क्रिप्टोची सवय असो वा नसो, या पानामुळे त्याला कुणाला नोटीस काढायची ते कळतं. एक्सचेंज तुम्हाला खातेदाराचं नाव देणार नाही. पोलिसांची त्याच संहितेच्या कलम ९४ ची नोटीस गेली की द्यावं लागतं. यूएसडीटी असेल तर आणखी एक दार उघडं आहे: पोलिसांनी विनंती केल्यास टेथर एखादा पत्ता गोठवू शकतं, आणि ट्रॉन, टेथर आणि ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासणारी कंपनी टीआरएम लॅब्ज यांनी २०२४ मध्ये त्यासाठी संयुक्त पथकही उभं केलं. बिटकॉइनला असं गोठवणारं कुणी नाही. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ज्या फोनवर ते घेतले तो विकू नका, फॉरमॅटही करू नका. व्हायरसचा संशय असेल तर रीसेटही पोलिसांना विचारूनच.

रकमेचे दोन भाग वेगळे लिहा: तुम्ही भरलेली मूळ रक्कम आणि त्यावर जिंकलेली. दोन्ही एकत्र करून फुगवलेला आकडा तक्रार कमकुवत करतो.

'रिकव्हरी करून देतो' म्हणणारे

तक्रार कुठेही उघड लिहिली की दोन दिवसांत मेसेज येतात: हॅश द्या, दहा टक्के आगाऊ द्या, व्यवहार उलटवून देतो. साखळीवरचा व्यवहार उलटवता येतच नाही, त्यामुळे असं म्हणणारा प्रत्येक जण खोटं बोलतो. कुणी बारा शब्द मागितले तर तो उरलेलंही नेणार. दुसरं रूप कॅसिनोच्याच नावाने येतं: "रक्कम परत पाठवतो, आधी तीस टक्के कर या वॉलेटवर भरा." आयकर कापूनच उरलेली रक्कम देता येते. कुणाच्या खासगी वॉलेटवर भरायचं आयकर खात्याचं चलन नसतं.

पैसे परत पाठवायला तयार झाले तर

पूर्ण रक्कम एकदम मागू नका. कॅसिनोच्या किमान मर्यादेइतकी रक्कम आधी मागवा. पत्ता क्यूआर कोडवरून घ्या, पेस्ट केल्यावर सगळी अक्षरं जुळवा आणि पुष्टीच्या ईमेलमधला पत्ताही पुन्हा जुळवा. ट्रॉनवर साधारण मिनिटभरात, बिटकॉइनवर सहा पुष्टींना तासभर लागतो. पोचल्याचं एक्सप्लोररवर दिसलं की उरलेली मागवा.

ते यूएसडीटी टेलिग्रामच्या गटात अनोळखी माणसाला विकून रुपये घेऊ नका. समोरून आलेले रुपये दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे निघाले तर तेलंगणा किंवा गुजरातच्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं, मग त्यात सोयाबीनचे पैसे असोत की पीक कर्ज. केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेल्या एक्सचेंजमध्येच विका आणि पैसे स्वतःच्याच नावाच्या खात्यात घ्या. खातं गोठलंच असेल तर शाखेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, पत्र पाठवणारं ठाणं, आणि वादग्रस्त रक्कम. मग त्या ठाण्याला व्यवहाराच्या कागदांसह ईमेल करा आणि तेवढीच रक्कम रोखून बाकीचं खातं खुलं करावं अशी मागणी करा. तिथून दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिकेचा रस्ता आहे, आणि वकील पहिल्यांदा हीच तीन कागदं मागतो.